काजव्याच्या ड्रेससाठी आणलेल्या प्रत्येक उजेडाबद्दल

जानेवारीत लेकीच्या शाळेचं गॅदरिंग झालं. सहावीच्या मुलींचा नाच जंगलातल्या रात्रीवर होता. कुणी घुबड, कुणी झाड, कुणी वारा. आमच्या वाट्याला काजवा आला. बाईंनी वहीत दोनच ओळी लिहून दिल्या होत्या: काळा ड्रेस, पाठीमागे उजेड दिसला पाहिजे. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच ब्लाऊज शिवते, त्याला आता सतरा वर्षं झाली. त्यामुळे ड्रेसची काळजी नव्हती, काळजी होती ती उजेडाची. भाड्याने ड्रेस देणाऱ्यांकडे परी, शेतकरी, मावळा, वाघ सगळं मिळालं, काजवा कुणाकडेच नव्हता.

मग साडेतीन आठवडे बाजारात जे जे चमकतं ते आणून मी काळ्या कापडावर लावून बघितलं. सगळं मिळून अठराशेच्या आसपास खर्च झाला. शेवटी लेकीच्या अंगावर जे चढलं, त्यातल्या उजेडाला दोनशेसुद्धा लागले नव्हते. आता शाळाशाळांतून असे ड्रेस सांगतात. दुसऱ्या कुणाचे सोळाशे वाचावेत म्हणून सगळं नीट लिहिते.

आधी काजव्याबद्दल, कारण मला काय हवं होतं ते त्याशिवाय कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी आम्ही राधानगरीकडे गेलो होतो. पाऊस तोंडावर आलेला, हवा दमट, आणि अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं. काजव्याचा उजेड पोटाच्या शेवटच्या टोकाला असतो. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य त्याच्या शरीरातच असतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते आणि उजेड पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. त्यादिवशी एक लेकीच्या मनगटावर येऊन बसला होता. पिवळसर पोपटी रंग, कडा नसलेला, कातडीतून आतूनच पाझरल्यासारखा. मला तो उजेड हवा होता. चमचम नको होती.

सगळ्यात आधी रेडियम. गाड्यांच्या नंबर प्लेटा आणि ट्रकच्या मागच्या पट्ट्या करून देणारे रेडियमवाले आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. मी काजवा म्हटल्यावर त्यांनी पोपटी पट्टीचा रोल काढला. "ताई, ह्यो घ्या. ट्रकवाले ह्योच नेत्यात, लांबनं दिसतोय." चाळीस रुपये मीटरने दोन मीटर घेतला. नाव रेडियम असलं तरी त्यात रेडियम नसतं. पूर्वी घड्याळांच्या काट्यांना खरं रेडियम घातलेला रंग लावत, तो अंधारात दिसायचा, तिथून हे नाव आपल्या तोंडात बसलं. आत्ताच्या पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा प्लास्टिकचे बारीक पैलू असतात, आणि त्यांचं काम एकच: उजेड जिथून आला त्याच दिशेने परत पाठवायचा.

घरी बोळात दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च कपाळाजवळ धरला, तर पट्टी पेटल्यासारखी दिसली. लेक टाळ्या वाजवायला लागली. मग टॉर्च तिच्या हातात देऊन तिला बाजूला उभं केलं आणि मी माझ्या जागेवरून बघितलं. पट्टी काळीभोर. स्टेजवरही हेच होणार. प्रकाशझोत वरून येतो, वरच परत जाणार. झोत टाकणाऱ्याला ती लखलखताना दिसेल, खुर्च्यांवर बसलेल्यांना नाही. वस्तू उत्तम आहे, पण रस्त्यासाठी. उरलेली पट्टी मी मालकांच्या रेनकोटच्या पाठीवर आणि बाह्यांवर लावली. ते फौंड्रीतून दुसरी पाळी संपवून रात्री बाराला सायकलवरून येतात. तिथे तिचे ऐंशी रुपये वसूल झाले.

दुसरी वस्तू अंधारात चमकणारी पावडर. ऑनलाइन मागवली, पन्नास ग्रॅम, दोनशे साठ रुपये. पोरांच्या खोलीत छताला चिकटवतात त्या चांदण्यांतही अशीच पावडर असते. चांगल्या पावडरीत स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतं. ते उजेड पिऊन घेतं आणि नंतर हळूहळू सोडतं. हिरवी सगळ्यात तेज दिसते, निळी तिच्या खालोखाल, लाल-केशरी फारच मंद. मी हिरवी घेतली, ते बरोबर झालं. बाकी मात्र चुका झाल्या.

पहिली चूक, सरळ काळ्या कापडावर लावली. काळा रंग अर्धा उजेड खाऊन टाकतो. खाली पांढऱ्या फॅब्रिक कलरचा हात दिला आणि त्यावर पावडर लावली, तेव्हा जमीन-अस्मानाचा फरक पडला. दुसरी चूक, पाण्यावरच्या रंगात कालवून उरलेलं डबीत भरून ठेवलं. आठवड्याने उघडलं तर गोळा झालेला आणि चमक गेलेली. साध्या पावडरीला पाणी लागलं की ती बिघडते. वरून लेप दिलेली, वॉटरप्रूफ लिहिलेली वेगळी मिळते, घ्यायची तर ती घ्या. आणि नाकाला रुमाल बांधल्याशिवाय पुडी उघडू नका, फार बारीक उडते.

तिला उजेड कुठला पाजता यावरही सगळं आहे. खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली दहा मिनिटं ठेवली तर जेमतेम. खालच्या किराणा दुकानदाराकडून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मागून आणला आणि तो वरून फिरवला, तर अर्ध्या मिनिटात अशी पेटली की सासूबाई कॉटवरून उठून बसल्या. पण पहिलं मिनिटभरच ती तेज असते, मग झपाट्याने उतरते. पुढे तासन्‌तास दिसते हे खरं, पण अंधाराला डोळे सरावलेल्या माणसाला. गॅदरिंगला लोक उजेडातून येऊन बसलेले, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. नाच चार मिनिटांचा, त्याआधी पोरी पडद्यामागच्या अंधारात पाच मिनिटं ताटकळणार. स्टेजवर येईपर्यंत काजवा विझलेला असणार. पंखांच्या कडेला थोडी ठेवली, मुख्य उजेडासाठी नाही. खोलीतल्या भिंतीला, दाराच्या कडीला, रात्री हाताशी सापडावं म्हणून स्विचला लावायला मात्र ही पावडर मला मनापासून आवडली.

मोडल्यावर उजळणाऱ्या कांड्या आणि जांभळ्या दिव्याखाली चमकणारे निऑन रंग यांवर फार लिहीत नाही. कांडी एकदाच चालते, तालमीला वापरली की संपली. निऑन रंगाला स्टेजवर जांभळा दिवाच लागतो, तो शाळेकडे नव्हता. असेल तर मात्र निऑन रंगाइतकं स्वस्त आणि हलकं काही नाही.

चौथी वस्तू निऑन वायर. हिच्यावर माझी सगळ्यात जास्त आशा होती आणि हिनेच सगळ्यात जास्त निराश केलं. तीन मीटर तार, सोबत छोटा डबा, चारशे वीस रुपये. दिसायला सुंदर, दोऱ्यासारखी वळते, सगळ्या बाजूंनी सारखा उजेड. आत तांब्याची तार, तिच्यावर चमकणाऱ्या पदार्थाचा थर, त्याभोवती केसासारख्या दोन बारीक तारा आणि वरून रंगीत प्लास्टिक. ती थेट सेलवर चालत नाही. डबा सेलच्या तीन व्होल्टचे शंभराच्या आसपास करतो आणि सेकंदाला हजारभर वेळा दिशा पालटणारा प्रवाह सोडतो. प्रवाह अगदी थोडा असतो, तरी तुटलेल्या टोकाला हात लागला की चिमटा बसतो. सासूबाईंनी एवढंच ऐकलं आणि म्हणाल्या, "पोरीच्या अंगाला करंट लावू नगंस बाई."

सासूबाईंचं मी हसण्यावारी नेलं नाही. खासबागेच्या कडेचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा आम्ही आमच्या गच्चीवरून त्या ज्वाळा बघितल्या आहेत. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं थिएटर. आमच्या पेठेतल्या कित्येकांचं पहिलं नाटक तिथलं. त्या रात्रीपासून स्टेज, कापड आणि वायर हे तीन शब्द एकत्र आले की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून पुढे जे काही केलं ते आधी स्वतः अर्धा तास अंगावर घालून बघितलं.

निऑन वायर अंगावर घातल्यावर दोन गोष्टी कळल्या. डबा बारीक आवाजात सतत किणकिणतो. लेक म्हणाली, "आई, पाठीत डास गुणगुणतोय." आणि उजेड अगदीच मंद. मिट्ट अंधारात रेघ सुरेख दिसते, पण गच्चीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आला की मावळते. चौथ्या दिवशी कोपरापाशी वळून वळून आतली तार तुटली आणि पुढचा अर्धा भाग गेला. विकणाऱ्याला तीन वेळा लिहिलं, फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. पंखांची बाह्यरेषा, टोपीची कड असं न वाकणारं काही असेल आणि स्टेज पूर्ण अंधारं असेल तर घ्या. सांध्यावर लावू नका.

पाचवी, एलईडीची पट्टी. ही धाकट्या दिरांनी आणली. गणपतीत मंडळाचं लाइटिंग तेच बघतात. प्रत्येक दिवा वेगळा पेटवता येतो त्या जातीची, पाच व्होल्टवर चालणारी. त्यांनी त्यात काजव्यासारखं सावकाश उजळणं आणि सावकाश विझणं बसवलं. खरं सांगते, दिसायला यापेक्षा हुबेहूब काही झालंच नाही. श्वास घेतल्यासारखा उजेड. मी मशीनवरून उठून बघतच राहिले.

पण ती पोरीच्या अंगाची वस्तू नव्हे. असा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर साठ मिलीअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे साठ दिव्यांना साडेतीन अँपिअरच्या वर लागतात. एवढं आमची पॉवर बँक देत नाही, म्हणून तेज उतरवायचं. उतरवलं तर दुसरंच झालं. उजेड विझायच्या वेळी प्रवाह इतका कमी होतो की पॉवर बँकेला वाटतं मोबाइल काढून घेतला, आणि ती स्वतःच बंद पडते. तालमीत तीन वेळा असं झालं. शिवाय पॉवर बँकेचं वजन कमरेला एका बाजूला ओढत होतं, गिरकी घेतली की ड्रेस फिरायचा. दीरच म्हणाले, "वहिनी, दिसतंय लई भारी, पण एवढं वजन घेऊन पोरगी नाचणार कशी?" पट्टी त्यांनी परत नेली. एका जागी उभ्या असलेल्या देखाव्याला किंवा मोठ्या माणसाच्या ड्रेसला ती पहिल्या नंबरची आहे.

राहिली ती तांब्याच्या तारेची फेअरी लाइटची माळ. पाच मीटर, पन्नास दिवे, तीन पेन्सिल सेलचा डबा, एकशे दहा रुपये. दिवाळीत बाटलीत घालून ठेवतात तीच. वजन नाहीच, तार केसासारखी, बोटाने वळवाल तशी राहते. घेताना एक बघा. काही माळांचा डबा अंगठ्याएवढा असतो आणि त्यात बटण सेल असतात. दिसायला नाजूक म्हणून मोह होतो, पण घरात लहान मूल असेल तर तो डबा आणूच नका. बटण सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. पेन्सिल सेलचा, स्क्रूने बंद होणारा डबाच घ्या.

या माळेनेही एकदा घाबरवलं. तारांवर लाखेसारखा पारदर्शक थर असतो, तेवढंच त्यांचं संरक्षण. मी नेहमीच्या सवयीने मापाला सेफ्टी पिना लावल्या. एक पीन तारेवर घासून तो थर निघाला, पिनेतून दोन तारा एकमेकींना भिडल्या, दिवे विझले. मला वाटलं सेल उतरले. पाच मिनिटांनी कमरेपाशी गरम लागलं म्हणून डबा काढला तर हातात धरवेना. सेल काढून फरशीवर टाकले. तेव्हा ड्रेस माझ्या अंगावर होता, लेकीच्या नाही, याबद्दल देवाचे आभार मानले.

त्यानंतर माळेजवळ पीन नाही, हूक नाही, धातूचं बटण नाही. मशीनची सुईही नाही, ती तारेला खरवडते. मऊ सुती पट्टीवर माळ ठेवून दर दोन बोटांवर हाताने काजटाका घातला, आणि प्रत्येक टाक्यानंतर तारेला थोडी ढील सोडली, म्हणजे वाकताना ओढ टाक्यावर येते, तारेवर येत नाही. कापलेल्या टोकावर चिकटपट्टीचे दोन वेढे. डबा कमरेच्या मधोमध, अस्तराच्या कप्प्यात, वेल्क्रोने बंद, हात मागे नेला की एका झटक्यात बाहेर येईल असा.

माळ नुसती लावली तर ती माळच दिसते. पन्नास टोचणारे ठिपके. आतून पाझरणारा उजेड हवा तर मध्ये काहीतरी लागतं. ट्रेसिंग पेपर लावला, तो कुरकुरतो. उशीतला कापूस भरला, उजेड छान झाला, पण तारेभोवती कापूस नकोच वाटला. ऑर्गंझाचे चार पदर लावले, तरी ठिपके राहिलेच.

उत्तर कपिलतीर्थ मार्केटात सापडलं. सफरचंद घेत होते. फळवाल्या मावशींनी एकेकावरची पांढरी फोमची जाळी काढून पाटीखाली टाकली. एक उचलून मी मोबाइलच्या टॉर्चवर चढवली आणि तिथेच थांबले. जाळीची प्रत्येक दांडी आतून दुधासारखी उजळली होती. फोमच्या आत हवेचे असंख्य बारीक बुडबुडे असतात, उजेड त्यांच्यावर आपटत आपटत सगळीकडे पसरतो. "मावशी, ह्या जाळ्या नेऊ का?" "ने की, टाकायच्याच हायत." तीस-बत्तीस जाळ्या पिशवीत भरून आणल्या, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवल्या. एक लक्षात ठेवा, हा फोम आगीजवळ न्यायचा नाही, निरांजन असेल तिथून लांब. एलईडी एवढी तापत नाही, अर्धा तास चालू ठेवून हाताने चाचपून मी खात्री केली.

शेपटीकडचा फुगीर भाग मी शहाळ्याच्या आकाराचा, पाच कळ्यांचा कापला. आत बकरमचा, म्हणजे कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाचा साचा, त्यावर माळेची पट्टी गोल गोल, तिच्यावर जाळ्यांचे दोन थर एकमेकांच्या भोकांवर दांड्या येतील असे, आणि सगळ्यांवर माझी जुनी पोपटी ओढणी. माळ पिवळसर पांढरी होती, ओढणीतून तिचा रंग आला थेट मनगटावरच्या त्या काजव्याचा. नवीन पोपटी कापड तीन दुकानांत बघितलं होतं, सगळी गडद. धुऊन धुऊन विटलेल्या ओढणीनेच तो रंग दिला.

चालू-बंद करायची गोष्ट राहिली. अशा डब्यांवर आठ प्रकारचं लुकलुकणं असतं आणि दरवेळी बंद करून चालू केलं की पहिल्यापासून सुरू होतं. अंधारात नाचणारी पोर पाठीमागचं बटण सहा वेळा कशी दाबणार? दिरांनी साधा, एकाच प्रकारे पेटणारा डबा लावला आणि मधून एक वायर बाहीतून मनगटापर्यंत आणली. टोकाला छोटं पुश बटण, बारा रुपयांचं. दाबलं की उजेड, सोडलं की अंधार. जोडांवर प्लास्टिकची नळी चढवली. आता उजेड लेकीच्या अंगठ्यात होता, तबल्याच्या ठेक्यावर ती स्वतः उजळायची आणि विझायची. पट्टीसारखं सावकाश विझणं यात नाही, तेवढी उणीव आहे. पण तिने दोन दिवसांत असा हात बसवला की समेला उजेड चुकेना.

शेवटची परीक्षा गांधी मैदानावर घेतली, रात्री साडेनऊला. कुठलाही उजळणारा ड्रेस खोलीत तपासू नका, खोलीत सगळंच सुंदर दिसतं. लेक दिरांबरोबर लांबच्या टोकाला गेली, मी आणि सासूबाई या टोकाला. रस्त्यावरचे दिवे चालू होते, एक मोटरसायकल वळून गेली. मग पलीकडच्या काळोखात एक पोपटी गोळा उमटला, विझला, पुन्हा उमटला. ठिपके नाहीत, तारा नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "राधानगरीवाणी दिसतंय की गं."

कार्यक्रमाच्या दिवशी नवे सेल घातले, जुने तालमीला संपवले होते. हॉलमधले दिवे गेले, घुबड घुमलं, वारा झालेल्या मुली पळत गेल्या, आणि उजवीकडून माझी काजवा आली. मी मागून तिसऱ्या रांगेत मुद्दाम बसले होते. तिथून तो उजेड स्वच्छ दिसला. शेजारच्या बाई त्यांच्या मुलाला विचारत होत्या, "आतून कशानं पेटतंय रे?" चार मिनिटांत एकदाही तो चुकून विझला नाही.

घरी आल्यावर आधी सेल काढले. माळेची पट्टी वेल्क्रोवर आहे, ती आणि जाळ्या सोडवून डब्यात ठेवल्या, ड्रेस पाण्यात टाकला. धुतल्यावर ओढणीच्या एका कळीची शिवण उसवलेली दिसली, गिरकीत ताण आला असणार. पुढच्या वेळी तिथे दुहेरी शिवण घालीन. जाऊबाईंच्या धाकटीला पुढच्या वर्षी दुसरीत चांदणी व्हायचंय. त्याच जाळ्या, तीच माळ, ओढणी मात्र पांढरी लागेल.